लालबागच्या नाक्यावरचा डबल बास

बास म्हणजे नक्की काय, हे मला इतक्या लोकांनी विचारलं आहे की मी एक उत्तर तयारच ठेवलं होतं. चाळीत शेजारच्या खोलीत रेडिओ लागलेला असतो. भिंतीतून गाण्याचे शब्द येत नाहीत, गाणाऱ्या बाईंचा आवाज येत नाही, व्हायोलिनं तर नाहीच नाहीत. नुसतं धुम्म, धुम्म येत राहतं. ते धुम्म म्हणजे मी.

एवढं सांगितलं की लोक हसतात आणि विषय बदलतात. कुणी आणखी खोलात शिरलंच तर सांगतो, गाणं ऐकताना तुमचा पाय आपोआप हलतो ना, तो मी हलवतो. माझं नाव तबकडीवर नसतं, जाहिरातीत नसतं. मी वाजवायचा थांबलो तरच लोकांना कळतं की काहीतरी गेलं, आणि काय गेलं ते तेव्हाही सांगता येत नाही.

निम्मं आयुष्य मी डबल बास वाजवला आणि निम्मं बास गिटार. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं लाकडी व्हायोलिन. जमिनीवर टेकवून, अंगाशी धरून वाजवायचं. त्याला सतारीसारखे पडदे नसतात, नुसती काळी पट्टी. सूर कुठे आहे ते कानानं शोधायचं आणि बोटांकडून पाठ करून घ्यायचं. तारा त्या वेळी आतड्याच्या असत, मनगटभर जोर लावल्याशिवाय बोलत नसत. हवा दमट झाली की फुगत आणि सूर सोडत. दोन वर्षांत माझ्या बोटांना असे घट्टे पडले की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटा करून विचारलं होतं, "कुठल्या मिलमध्ये? खातं कोणतं?"

"संगीत खातं," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं.

बास गिटार आली ती फार नंतर. माझी पहिली गिटार मी गोदीत लागलेल्या एका बोटीवरच्या वादकाकडून घेतली. गळ्यात पट्टा अडकवून फिरता येतं, बसमध्ये कुणी हटकत नाही, याचंच मला इतकं अप्रूप की पहिले आठ दिवस मी ती वाजवण्यापेक्षा फिरवलीच जास्त. पण विजेशिवाय ती मुकी. तिचा अँप्लिफायर गिरगावातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवून दिला होता. आत व्हॉल्व्ह, बाहेर प्लायवूडची पेटी, वजन दोन माणसांचं. तो तापला की गुणगुणायला लागे आणि त्याचा सूर आमच्या कुठल्याही गाण्याशी जुळत नसे. प्रभादेवीच्या एका गणपतीच्या मंडपात ओल्या जमिनीवर उभा राहून मी तारेला हात लावला आणि असा झटका बसला की तो स्वर मी नेहमीपेक्षा बराच जोरात वाजवला. समोरच्या लोकांनी टाळ्या दिल्या.

गिटारच्या तारा परदेशी, मिळायच्या मुश्किलीनं. वापरून वापरून त्यांच्या वेढ्यांत घाम आणि मळ भरला की आवाज मातीत घातल्यासारखा बसतो. यावर आम्हा बासवाल्यांचा एकच इलाज होता. तारा काढायच्या आणि पातेल्यात पाणी घालून उकळायच्या. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा आमच्या मंडळींनी झाकण उघडून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या शेवया कुणाकडच्या?" नंतर त्यांनी ते पातेलं माझ्या नावानं वेगळंच काढून ठेवलं.

असे किस्से खूप आहेत. पण संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात यातला एकही आला नाही. आला तो एक हरताळाचा दिवस, आणि आमचे दादा.

दादा म्हणजे माझे वडील. लोअर परळला एका मिलमध्ये सूत कातायच्या रिंग खात्यात होते. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. गावी आमच्या घराण्याकडे वाजवायचं काम होतं. काम म्हणजे हौस नव्हे. गावात कुणाचं लग्न असो, जत्रा असो, मयत असो, सांगावा आला की डफडं घेऊन जायचं आणि दारात उभं राहून वाजवायचं. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. जेवण शेवटी, बाहेर, उभ्यानं. दादा मुंबईला आले, मिलला लागले, आणि लग्नसराईत एका बँडमध्ये मोठा पितळी बाजा वाजवू लागले. तो बाजा अंगाभोवती गुंडाळलेला असतो आणि त्याचं तोंड डोक्याच्या वर उघडतं. बँडवाले त्यालाही बासच म्हणत. मुंबईत डफड्याचा बाजा झाला, अंगात लाल कोट आला, पण जेवण बाहेरच राहिलं, असं दादा सांगत.

मग आमच्या चाळीनं दीक्षा घेतली. घरातले देव उतरले, बुद्धाची तसबीर लागली. चाळीच्या अंगणात सभा झाली आणि ठरलं की यापुढे आपल्यातला कुणी कुणाच्या दारात वाजवायला जाणार नाही. वीस वर्षं वाजवलेला बाजा दादांनी दुसऱ्या दिवशी तांबटाला नेऊन दिला आणि त्या पितळेचा हंडा करून आणला. त्या हंड्यात आमच्या घरचं प्यायचं पाणी भरलं जाई.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन गिरगावात एका वाद्यांच्या दुकानात लागलो होतो. हार्मोनियमचे भाते बदलायचे, लाकडाला पॉलिश करायचं, असं काम. दादांचं म्हणणं होतं, लाकडाचं काम आहे, वाजवण्याचं नाही, हरकत नाही.

एक दिवस दुकानात पास्कोल मास्तर आले. गोव्याचे, धोबीतलावच्या बाजूला त्यांच्या गाववाल्यांची कूड होती, म्हणजे एकट्या पुरुषांनी मिळून राहायची जागा, तिथे राहत. सिनेमाच्या गाण्यांत डबल बास वाजवत. त्यांच्या वाद्याच्या मानेचा सांधा सुटला होता. मी सरस तापवून तो बसवला, दोन दिवस शिकंज्यात ठेवला, तारा चढवल्या आणि सांधा धरला का हे बघायला सगळ्यांत जाड तार ओढून सोडली.

आवाज कानाला ऐकू येण्याआधी बरगड्यांत आला. मी पुन्हा ओढली. मग पुन्हा.

"किते रे बाबा," मास्तर दारातून म्हणाले, "दुरुस्त करतोस की प्रेम करतोस?"

त्यांनी मला शिकवलं. दुकान बंद झालं की मी कुडीवर जाई. तिथे दहा-बारा पेट्या, एक क्रूस आणि कोपऱ्यात तो बास. मास्तरांचे नियम दोन. एक, बोटानं ओढायचं नाही, खांद्यापासून ओढायचं. दुसरा, कागद वाचता आलाच पाहिजे. "कानावर वाजवणारे खूप," ते म्हणत, "रेकॉर्डिंगला कागद देतात. तो वाचला नाही तर तू कितीही चांगला, घरी जा." पाच रेघांवरचे ते ठिपके मी दीड वर्ष गिरवले. इंग्रजी शाळेत जेवढा अभ्यास केला नव्हता तेवढा.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. घट्टे पॉलिशपेपरचे आहेत, असं मी सांगितलं होतं. खोटं बोललो याचं वाईट वाटे. दादांना खरं सांगावं असं रोज वाटे, आणि त्या हंड्यातलं पाणी प्यायला लागलो की धीर होत नसे.

तो हरताळ नेमका कोणत्या सालातला ते आता आठवत नाही. दीक्षेच्या नंतरचा आणि महाराष्ट्र व्हायच्या आधीचा, एवढं नक्की. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं. गोळीबारातली माणसं अजून गिरणगावाच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती. दादा आमच्या भागातले स्वयंसेवक होते. हरताळ दुपारी चारपर्यंत होता. ट्राम, बस, टॅक्सी, दुकानं, मिल, सगळं बंद.

आणि त्याच दिवशी पाच वाजता दादरच्या एका स्टुडिओत मास्तरांचं रेकॉर्डिंग होतं. गाणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी परगावी जाणार होत्या, म्हणून तारीख हलत नव्हती.

आदल्या दिवशी मास्तर दुकानात आले तेच डावा हात छातीशी धरून. मधल्या बोटाला नखुरडं झालं होतं. बोट लिंबाएवढं सुजलेलं.

"उद्या तू जातोस," ते म्हणाले.

"मी? मास्तर, मी कधी स्टुडिओ बघितला नाही."

"बघशील. ऐक. बासवाला आला नाही तर ते दुसऱ्याला बोलावतात. तो बरा वाजला की पुढच्या वेळी त्यालाच. माझी जागा जाईल. तू गेलास तर मी सांगू शकतो, माझा पोरगा होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मी दुकानाची हातगाडी काढली. खाली गोणपाटं अंथरली, वर बास आडवा ठेवला. त्याची कॅनव्हासची खोळ फाटकी होती. ऊन लाकडाला लागू नये म्हणून मास्तरांनी कुडीतली पांढरी चादर दिली. ती मी नीट सगळीकडून खोचली आणि निघालो. गिरगावातून ग्रँट रोड, तिथून भायखळा, चिंचपोकळी. रस्ते मोकळे, दारं लावलेली, ट्रामचे रूळ उन्हात चमकत होते. चाकांचा खडखडाट तेवढा.

भायखळ्याला पहिल्यांदा लक्षात आलं की काहीतरी होतंय. कोपऱ्यावर उभे असलेले चार जण गाडी बघून गप्प झाले. एकानं टोपी काढली. मला वाटलं, उकडतंय म्हणून काढली असेल. चिंचपोकळीला एका बाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढून हात जोडले. मागे पावलं ऐकू आली म्हणून वळून पाहिलं, तर पंधरा-वीस माणसं गाडीच्या मागे चालत होती.

तेव्हा मला कळलं. पांढरी चादर, खाली माणसाएवढा आकार, हरताळाचा दिवस. त्यांना वाटत होतं की पुन्हा कुणीतरी गेलं.

मी थांबून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. एवढी माणसं डोकी उघडी करून चालत आहेत आणि मी म्हणू, अहो, हे वाद्य आहे? मी गाडी ओढत राहिलो, जरा जोरात, आणि मागची गर्दी वाढत गेली.

लालबागच्या नाक्यावर स्वयंसेवकांची साखळी उभी होती. मधोमध दंडाला पट्टी बांधलेले दादा.

त्यांनी गाडी पाहिली, मागची माणसं पाहिली. ओढणारा मान खाली घालून होता, त्यामुळे मी त्यांच्या ध्यानात आलो नसणार. ते पुढे आले, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि वाकून डोक्याकडची चादर हळूच बाजूला केली.

खाली लाकडाची मान आणि चार खुंट्या.

मागून कुणीतरी श्वास सोडला, कुणीतरी हसलं. "आयला, सतार हाय ही!" सुटल्यासारखी सगळीच हसू लागली. एक म्हातारा मात्र खाली फुटपाथवर बसला आणि डोळे पुसू लागला.

दादा हसले नाहीत. त्यांनी चादर हातात धरलेली होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

"वसंता?"

"दादा."

"ह्ये दुकानातलं का?"

"पास्कोल मास्तरांचं आहे. दादरला न्यायचंय. पाचला रेकॉर्डिंग आहे."

"मग मास्तर कुठं हाय?"

"त्यांचं बोट सुजलंय," मी म्हणालो, आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी वाजवणार आहे."

त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. वीस वर्षं वाद्य हाताळलेल्या माणसाला पॉलिशपेपरची थाप किती दिवस पुरणार होती? मला वाटतं, त्यांना तेव्हाच नाही, आधीपासून संशय असावा.

"कुणाच्या दारात वाजवायचंय?"

"दारात नाही, दादा. आत. खोलीत. सगळे कागद बघून वाजवतात."

"कागद बघून?"

मी खिशातून मास्तरांनी लिहून दिलेला धडा काढला. दादा रात्रशाळेत मोठेपणी अक्षर ओळखायला शिकले होते. रोज पेपर मोठ्यानं वाचत, एक ओळ सोडत नसत. त्यांनी तो कागद उन्हात धरला. पाच रेघा, त्यांवर ठिपके.

"ह्ये तुला वाचता येतं?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी कागदाची पहिली होती तशीच घडी केली आणि मला परत दिली. दंडाची पट्टी सोडून शेजारच्या स्वयंसेवकाच्या हातात ठेवली. "चारपर्यंत तू बघ," त्याला म्हणाले. मग चपला घातल्या, चादर काढून बगलेत मारली आणि गाडीचा दांडा धरला. "चल. कसली खोली हाय ती बघू."

लालबाग ते दादर दादांनी दांडा सोडला नाही. परळच्या चढावर मी मागून रेटत होतो आणि पुढे त्यांची पाठ दिसत होती, घामानं भिजलेली. ते रागावलेत की काय, मला काही कळत नव्हतं.

चार वाजून गेल्यावर आम्ही स्टुडिओच्या फाटकाशी पोचलो. दादांनी दरवानाला विचारलं, "वाजवणारी माणसं कुठल्या दारानं जातात?" त्यानं समोरचं दार दाखवलं. "आन् बाकीची?" दरवान म्हणाला, दार एकच आहे. मग दादांनी बासची मान धरली, मी पोट धरलं, आणि आम्ही आत गेलो.

आतली खोली मोठी, भिंतींना जाड पडदे. तीसेक वादक खुर्च्यांवर बसून आपापली वाद्यं जुळवत होते. मी कोपऱ्यात माझी जागा घेतली, हाती दिलेला कागद स्टँडवर लावला. संगीतकार मोठे होते, नाव इथे घेत नाही. मास्तरांचा निरोप मी सांगितला तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "बघू" एवढंच म्हणाले. दादांना दाराजवळच्या बाकावर बसायला सांगितलं.

तालीम सुरू होणार, एवढ्यात दादा उठले. थेट मधोमध येऊन उभे राहिले.

"साहेब, एक इचारू का?"

संगीतकारांचा वर गेलेला हात तिथेच थांबला.

"सगळे बसल्यात. ह्या एकालाच उभा का केलाय?"

आज खरं सांगतो, त्या क्षणी मला दादांची लाज वाटली. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पुटपुटलो, "दादा, हे वाद्यच उभ्यानं वाजवतात."

"मला ठाव हाय," दादा माझ्याकडे न बघता म्हणाले. "वीस वर्सं मोठा बाजा वाजवला मी. आमी बी उभंच असायचो. आमाला बी हेच सांगायचे, वाद्यच तसलं हाय."

संगीतकारांनी हात खाली घेतला. ते स्वतः एका उंच स्टुलावर टेकून इशारे करत असत. ते खाली उतरले, स्टूल उचललं, वादकांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि ते माझ्या मागे ठेवलं.

"दादा म्हणतायत ते बरोबर आहे," ते म्हणाले. "याच्यावर टेकून वाजवता येतं का बघ. नाही आलं तरी राहू दे मागे."

मी टेकलो. एक पाय खाली, एक आडव्या दांडीवर. बास खांद्यावर आपोआप रेलला. उभ्यापेक्षा बरं वाजत होतं. पुढे मला कळलं की बाहेर देशीचे मोठमोठे बासवाले असंच उंच स्टूल वापरतात. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं.

दादा बाकावर जाऊन बसले. संगीतकारांनी तीन तास उभ्यानं इशारे केले.

त्या काळी सगळं एकदम ध्वनिमुद्रित होई. एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. बाई गात होत्या, मी ठिपक्यांवर नजर रोवून बसलो होतो. चौथ्या वेळी गाणं शेवटपर्यंत गेलं. काचेमागून रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. बाईंनी हसून मान हलवली. व्हायोलिनवाले गज खाली ठेवू लागले.

"मधल्या कडव्यात धावला," बाकावरून आवाज आला.

दादा स्वतःशीच बोलले होते, पण खोली शांत होती.

"कोण?" संगीतकारांनी विचारलं.

"आमचा. वसंता. दुसऱ्या ओळीत पुढं पळाला. मागची सगळी त्याच्यामागं पळाली."

रेकॉर्डिस्टनं ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवलं. बाई, व्हायोलिनं, सगळं गोड. संगीतकार डोळे मिटून ऐकत होते. मधलं कडवं आलं, दुसरी ओळ आली आणि मलाही ऐकू आलं. घाबरून मी केसभर पुढे सरकलो होतो आणि अख्खं गाणं माझ्यामागे सरकलं होतं. त्या खोलीतल्या तिसाहून जास्त माणसांत खालचा सूर ऐकायची सवय एकाच माणसाला होती.

"पुन्हा," संगीतकार म्हणाले. आणि मग दादांकडे वळून, "आता बघा हं."

पाचव्या वेळी मी धावलो नाही. गाणं संपल्यावर मी बाकाकडे पाहिलं. दादांनी मान एकदाच हलवली. त्यांचा उजवा पाय मात्र गाणं थांबल्यावरही दोन मात्रा पुढे चालू होता.

ते गाणं चाललं. कुठलं ते सांगून उपयोग नाही. तुम्ही ते भिंतीच्या या बाजूनं ऐकलं असणार.

पुढच्या वेळी स्टुडिओतून निरोप आला तो मला. पास्कोल मास्तरांना नाही. त्यांचं बोट चिरावं लागलं, पेरं आखडलं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं वळलं नाही. मी निरोप घेऊन त्यांच्याकडे गेलो, जात नाही म्हणालो. त्यांनी मला शिवी घातली, मग बास माझ्या हवाली केला आणि पुण्याला एका शाळेत मुलांना बँड शिकवायला निघून गेले. माझा पोरगा होता, असं त्यांनी पुढे खरंच सगळ्यांना सांगितलं. त्यांची जागा मी घेतली, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी जाऊन त्यांना भेटायला हवं होतं. पत्रं पाठवली, गेलो एकदाच. कामं वाढली होती. हे कारण मी स्वतःलाही अनेकदा दिलं आहे.

दादांनी मात्र त्यानंतर कुठलंही वाद्य हातात घेतलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी बास गिटार आणली तेव्हा त्यांच्या मांडीवर ठेवली, म्हटलं, बघा तरी. त्यांनी तारांना हात न लावता ती उलटीपालटी करून पाहिली, सुतारकाम चांगलं आहे म्हणाले आणि मला परत दिली. मी आग्रह केला नाही. त्यांनी जे सोडलं होतं ते पूर्ण सोडलं होतं.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. रेकॉर्डिंग आठाच्या सुमाराला आटपलं. बास स्टुडिओतच ठेवला आणि रिकामी गाडी ओढत आम्ही परळला आलो. रस्त्यावर दुकानांच्या फळ्या उघडल्या होत्या, लोक बाहेर पडले होते. चाळीच्या जिन्याखाली गाडी उभी केली, साखळी घातली, वर गेलो.

आई दारातच उभी होती. नाक्यावरून कुणीतरी तिला सांगितलं होतं की दादा पट्टी सोडून पोराबरोबर कुठेतरी गेले. दिवस तसे होते. तिनं आमच्या दोघांच्या अंगावरून नजर फिरवली, कुठे लागलं नाही ना ते पाहिलं, आणि मग तिचा आवाज चढला.

"कुठं होता दोघं? दुपारपास्नं जीव टांगणीला लागलाय माझा."

मी दादांकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी सरळ लावल्या, मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पंचा खांद्यावर टाकला.

"वसंताच्या कामावर गेलो होतो," ते म्हणाले. "वाढ आता. दोघंबी बसतो."